कापसाच्या सीझनआधी गिटिया बदललं : कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार, जळगाव

आजपासून लिहून ठेवते. मागे गिटिया (कोड आपल्याच मशीनवर ठेवून सगळ्यांनी मिळून त्यावर काम करायचं सॉफ्टवेअर) बसवलं तेव्हा एक ओळही टिपून ठेवली नव्हती. त्यामुळे आता ॲप डॉट आयएनआय ही त्याच्या सेटिंगची फाइल उघडली की ‘हे कोणी घातलं आणि कशाला?’ असा प्रश्न दर चार ओळींनी पडतो. कोणी, तर मीच. कशाला, ते आठवत नाही.

ऑफिसात आम्ही चौघं. नाना मालक, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या काळापासून जिनिंगवाल्यांचे (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे) हिशोब संगणकावर आणणारे. मी. बारक्या, जो यंदाच पास होऊन आलाय आणि ज्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर आहे. आणि आण्णा. ते कोड लिहीत नाहीत, पण जिनिंगवर जाऊन काटा, ओलावा मीटर, प्रिंटर सगळं तेच जोडून देतात. सॉफ्टवेअरचं काम असं : भरलेली गाडी भुईकाट्यावर आली की वजन घ्यायचं, ओलावा टिपायचा, रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, पावती काढायची, शेतकऱ्याचं पेमेंट लावायचं. पुढे रुई, सरकी आणि १७० किलोच्या गठाणींचा हिशोब.

मागच्या सीझनला काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. नाना रात्री घरून थेट मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) पुश करायचे, म्हणजे बदल चढवायचे, सकाळी आण्णा तेच घेऊन धरणगावला निघायचे आणि दुपारी आम्हाला फोन. बग कुठे लिहायचे तर व्हॉट्सॲप ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये. गिटिया १.१८ मशीनवर होतंच, पण आम्ही त्याचा वापर फक्त कोड ठेवायची पेटी म्हणून केला.

आत्ता १.२२ आलंय. मधल्या आवृत्त्यांमध्ये सगळ्यात मोठी भर ॲक्शन्सची : १.१९ मध्ये, मार्च २०२३ ला आलं आणि १.२१ पासून न सांगता चालूच असतं. म्हणजे कोड पुश झाला की चाचण्या आपोआप चालणार, निकाल पुल रिक्वेस्टवर (‘माझा बदल मेनमध्ये घ्या’ या विनंतीवर) दिसणार. आधी यासाठी ड्रोन किंवा वुडपेकर असं चाचण्या चालवणारं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागायचं आणि मला तेवढा उत्साह नव्हता.

दसरा १२ ऑक्टोबरला. त्याआधी सगळं बसलं पाहिजे. नंतर कापूस सुरू झाला की कोणाला हात लावायला वेळ नसतो.

८ ऑगस्ट, गुरुवार

नानांनी विचारलं, “बेटा, हे सगळं गिटहबवर फुकट मिळत नाही का?”

मिळतं, बरंचसं. गिटहब ही हेच काम करणारी इंटरनेटवरची सेवा. एप्रिल २०२० पासून खासगी रेपोसुद्धा (रेपो म्हणजे एका प्रकल्पाच्या कोडची पेटी) कितीही माणसांसाठी फुकट आहेत. पण मला जे हवंय तेच त्या फुकट प्लॅनमध्ये खासगी रेपोला नाही : ब्रँचवर कुलूप. मेनवर थेट पुश बंद, चाचणी पास असल्याशिवाय मर्ज (बदल मेनमध्ये मिसळणं) बंद, हे नियम खासगी रेपोवर लावायचे तर पैसे भरायचे. चौघांचे पैसे काही फार नाहीत, पण दुसरं कारण लाइनचं. ऑफिसचं नेट गेलं तरी लॅनवरचं (ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कवरचं) गिटिया चालतं. गिटलॅब हा तसाच दुसरा पर्याय आमच्या आठ जीबीच्या मशीनवर बसेल, पण मग दुसरं काही बसणार नाही.

फोर्जेजोचाही विचार केला. गिटियाचं डोमेन आणि ट्रेडमार्क एका कंपनीकडे गेल्याचं २०२२ च्या ऑक्टोबरात कळलं, त्यावरून नाराज झालेल्या लोकांनी डिसेंबरात गिटियाच्याच कोडमधून फोर्जेजो ही वेगळी फांदी काढली. मागे बर्लिनची कोडबर्ग ही संस्था आहे. (गंमत म्हणजे गिटिया स्वतःही गॉग्ज नावाच्या प्रकल्पातून असंच फुटून निघालेलं, २०१६ मध्ये. भाऊबंदकी सगळीकडे सारखीच.) यंदाच्या सुरुवातीपासून दोघांचे रस्ते पुरते वेगळे झालेत. मन तिकडे ओढत होतं, पण सीझनच्या तोंडावर एका वेळी एकच बदल. गिटिया १.२२ वर जायचं ठरलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाई (खानदेशातली देवी) बसली, आज विसर्जन. ऑफिस रिकामं. बारक्या गावाला, आण्णा रोटांच्या (कानबाईच्या प्रसादाच्या) जेवणाला. मी एकटी, म्हणून बॅकअप घेतला.

गिटिया डंप चालवलं. एक झिप फाइल मिळते, त्यात डेटाबेस, रेपो, सेटिंग सगळं. लक्षात ठेवायची गोष्ट : डंपची आज्ञा आहे, पण ती झिप परत भरायची आज्ञा नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने जागेवर नेऊन ठेवायची. म्हणजे बॅकअप घेतला म्हणून झोप लागेल असं नाही, एकदा परत उभारून पाहिल्याशिवाय.

१४ ऑगस्ट, बुधवार

रंगीत तालीम. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर झिप उघडली, फाइली जागच्या जागी ठेवल्या, १.२२ चालू केलं. डेटाबेसच्या रचनेत जे बदल व्हायचे ते चालू होताना आपोआप झाले. लॉगिन झालं, जुने इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) दिसले, कमिट (जतन केलेले बदल) दिसले. खूश होऊन एक ओळ बदलून पुश केली.

नाकारली. म्हणे फाइल सापडत नाही.

चाळीस मिनिटं परवानग्या बघण्यात घालवली. मग रेपोच्या आतल्या हुक्स फोल्डरमध्ये डोकावले. प्रत्येक रेपोत छोट्या स्क्रिप्ट असतात, पुश आला की त्या गिटियाला हाक मारतात, आणि हाक मारायचा पत्ता त्यांच्यात पूर्ण लिहिलेला असतो. जुन्या मशीनवर गिटिया एका फोल्डरात, इथे मी दुसऱ्यात ठेवलेलं. म्हणजे घर बदललं आणि पोस्टमन जुन्याच दारावर. ‘ॲडमिन रीजनरेट हुक्स’ ही आज्ञा चालवली, सगळ्या रेपोंचे पत्ते नवे झाले, पुश गेला.

हे शनिवारी खऱ्या मशीनवर, सगळे बघत असताना झालं असतं तर नानांनी तिथेच “जुनंच बरं होतं” म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

१७ ऑगस्ट, शनिवार

खरं अपग्रेड. सकाळी साडेनऊला बंद, दहा वाजून पाच मिनिटांनी चालू. काहीही घडलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच की या मशीनचं यूपीएस बॅटरीवर किती वेळ तग धरतं ते आज मुद्दाम पाहिलं : अकरा मिनिटं. परत उलट जायचा रस्ता गिटियात नाही, डेटाबेस पुढे गेला की गेला, म्हणून जुनी झिप आणि जुनी गिटिया फाइल पेन ड्राइव्हवर घालून नानांच्या कपाटात ठेवली.

२१ ऑगस्ट, बुधवार

ॲक्शन्सला हात लावला. काम देणारं गिटिया, काम करणारा वेगळा : ॲक्ट रनर. ॲडमिनच्या पानावरून टोकन घ्यायचं, रनरला ते देऊन नोंदवायचं, मग तो डॉकरच्या डब्यात (बाकी मशीनपासून वेगळ्या जागेत) चाचण्या चालवतो. गिटियाच्याच मशीनवर रनर चालू केला तर चाचणीच्या वेळी पानं उघडायला जांभई यायला लागली. म्हणून तो बारक्याच्या जुन्या लॅपटॉपवर हलवला, एका वेळी एकच काम.

काय काय चालवायचं ते सांगणारी वर्कफ्लो फाइल गिटहबसारखीच लिहायची, त्यामुळे उदाहरणं भरपूर मिळतात. मी पायथन या भाषेची छोटी इमेज (डब्याचा तयार साचा) घेतली आणि पहिल्याच पायरीला तोंडावर आपटले : कोड उतरवून घेणारी ‘चेकआउट’ ॲक्शन जावास्क्रिप्टमध्ये आहे, तिला चालायला नोड हे सॉफ्टवेअर लागतं, आणि पायथनच्या इमेजमध्ये नोड नाही. मग पायथन आणि नोड दोन्ही असलेली आमची स्वतःची इमेज बनवली. गिटियातच अशा इमेज ठेवायची सोय आहे, तिथेच ठेवली. ही सोय १.१८ मध्येही होती, आम्हालाच माहीत नव्हती.

संध्याकाळी ५:४० ला पहिली हिरवी खूण. चाचणी एकच : ‘एक अधिक एक दोन’. बारक्याने टाळ्या वाजवल्या.

२७ ऑगस्ट, मंगळवार

आता खरी अडचण. चाचण्या चालवायला यंत्र आहे, चाचण्याच नाहीत.

बारक्या आणि मी बसून ओलाव्याचा तक्ता लिहायला घेतला. पाया ८ टक्के. त्याच्या वर जितके टक्के, तितकी कपात. सीसीआय (सरकारचं कापूस महामंडळ) ८ ते १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस घेते, वरचा परत. आठच्या वर टक्क्यामागे भावात एक टक्का कमी. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये, मध्यम धाग्याचा ७,१२१. म्हणजे लांब धागा, १० टक्के ओलावा, तर ७,३७०.५८. खासगी जिनिंगवाले बारा टक्क्यांच्या वरचाही घेतात, कपात मात्र वजनातून करतात. कोणाचा नियम कसा, ते सगळं नानांच्या डोक्यात. ते खुर्चीवर बसून सांगत होते, आम्ही लिहीत होतो. दोन तासांत एकतीस ओळी झाल्या.

यातल्या पाच ओळी लाल आल्या. नाना म्हणाले, “त्या पॉइंटवाल्या ना? तसा ओलावा कोणी लिहीत नाही. मीटरवर पूर्ण आकडाच येतो.” त्यांनी तो कोड लिहिला तेव्हा खरंच तसं होतं. मी त्या पाच ओळी ‘सध्या वगळा’ करून ठेवल्या. इथे नोंद करते, कारण हे मी केलं, नानांनी नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. सुट्टी.

५ सप्टेंबर, गुरुवार

मेन ब्रँचला कुलूप लावलं. थेट पुश कोणालाच नाही. पुल रिक्वेस्ट काढायची, दुसऱ्या एकाने तरी पाहून मान्य करायची, चाचणी हिरवी असायची, मगच मर्ज. नियमांच्या पानावर मागच्या आठवड्यात चाललेल्या तपासण्यांची यादी दिसते, त्यातली हवी ती निवडायची. मी निवडली आणि लगेच शहाणपणा करून वर्कफ्लोमध्ये जॉबचं (त्या तपासणीचं) नाव बदललं, जरा नीट दिसावं म्हणून. मग बारक्याची पुल रिक्वेस्ट दुपारभर पिवळी. तपासणी नव्या नावाने पास झालेली, नियम जुन्या नावाची वाट बघत बसलेला, आणि त्या नावाचं आता कोणीच येणार नाही. नावं आता बदलायची नाहीत.

नानांना सांगायचं कसं, हा माझा मोठा प्रश्न होता. मला त्यांनी शिकवलंय. मी अमळनेरहून पॅसेंजरने यायचे, उशीर व्हायचा, ते कधी बोलले नाहीत. त्यांना “तुमचा कोड आधी बारक्याला दाखवा” हे माझ्या तोंडून निघेना. शेवटी काहीच सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखा पुश केला, गिटियाने नकार दिला. ते माझ्याकडे वळले.

“हे घेत नाहीये.”

“हो नाना, मेनवर आता कोणाचंच घेत नाही. माझंही नाही.”

त्यांनी स्क्रीनकडे परत एकदा पाहिलं. “बरं. मग कुठून जायचं?”

मी पुल रिक्वेस्ट कशी काढायची ते दाखवलं. दोन मिनिटांत झालं. मी आठवडाभर उगाच झोप घालवली. बारक्याने मात्र नानांचं काम न वाचताच मान्य केलं. विचारलं तर म्हणे, “ताई, नानांचं काय बघायचं?”

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. आमच्याकडे काही व्यापारी आजच्या दिवशी कापूस खरेदीचा मुहूर्त करतात. उन्हाळी लागवडीचा थोडा कापूस येतो, ओला असतो, पण मुहूर्त म्हणून भाव बरा देतात. आमच्या एका जिनिंगवर आजपासून नवी आवृत्ती. आण्णा सकाळीच गेले. अकराला फोटो : काट्यावर नारळ, हार घातलेला पिकअप, आणि आमची पहिली पावती. सगळं ठीक.

९ सप्टेंबर, सोमवार

ठीक नव्हतं.

आण्णांचा फोन. तिकडे दोन चुलत भाऊ, वेगवेगळ्या गाड्यांतून कापूस आणलेला. एकाचा ओलावा १५.५, दुसऱ्याचा १६.५. दोन्ही पावत्यांवर कपात आठ टक्के. बाहेर चहाच्या टपरीवर दोघांनी पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. आण्णांच्या मागे आवाज ऐकू येत होता : “दोन्हीसले सारखीच कपात कशी? तुम्हनं कॉम्पुटर येडं व्हई गयं!”

वेडं झालेलं नव्हतं. शिकवलंय तसंच वागत होतं. नवा मीटर दशांशात आकडा देतो. नानांच्या जुन्या कोडमध्ये ओलावा आधी पूर्ण आकड्यात बसवून घेतलेला, पायथनच्या राउंडने. आणि पायथन ३ चं राउंड बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा नेहमी वर नेत नाही, जवळच्या सम संख्येकडे नेतं. १५.५ चे १६. १६.५ चेही १६. दोघांमध्ये एक टक्क्याचा फरक, आणि पावतीवर शून्य.

हिशोब मांडला. पहिल्याचं वजन ४ क्विंटल ६० किलो. कपात साडेसात टक्के हवी होती, आठ झाली. अर्धा टक्का जास्त, म्हणजे २.३ किलो. भाव सोपा जावा म्हणून सात हजार धरला तर १६१ रुपये त्याचे गेले. दुसऱ्याचं ५ क्विंटल २० किलो, कपात साडेआठ हवी, आठ झाली. त्याला २.६ किलो, १८२ रुपये जास्त मिळाले. जास्त मिळालेल्याने परत द्यायचे की नाही, यावर तिकडे अजून बोलणी चालू आहेत म्हणे.

आणि हे सगळं २७ ऑगस्टला आमच्यासमोर लाल होऊन आलेलं होतं. पाच ओळी. मी ‘वगळा’ लिहिलेल्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

पाचही ओळी परत चालू केल्या. दुरुस्ती कशी करायची ते लिहिलं : ओलावा कुठेच पूर्णांकात आणायचा नाही, सगळा हिशोब डेसिमलमध्ये, आणि पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, रुपयात. पण कोडमध्ये सतरा ठिकाणी राउंड आहे. आज सात झाले. उद्या बाकीचे.

११ सप्टेंबर, बुधवार, रात्री

रात्री पावणेनऊला जिनिंगच्या मालकांनी नानांना धरलं. उद्या सकाळी गाड्या आहेत, आत्ता करून द्या. माझं काम अर्धवट, मी गाडीत. नानांनी स्वतः दुरुस्ती केली : अर्धा मिळवायचा आणि पुढचं छाटून टाकायचं. फॉक्सप्रोवाल्यांचा जुना हातखंडा. १५.५ चे १६, १६.५ चे १७. दोघांत फरक पडला, भांडण मिटलं, असं त्यांना वाटलं.

पुल रिक्वेस्ट काढली. चाचणी लाल. साहजिकच, तक्त्यात साडेसात आणि साडेआठ लिहिलंय, आठ आणि नऊ नाही.

आणि तिथे, लाल खुणेच्या खाली, गिटियाने त्यांना सांगितलं की तुम्ही प्रशासक आहात, म्हणून तरीही मर्ज करू शकता. बटण लाल, पण दाबलं जातं.

दाबलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी जेवढ्या गाड्यांचा ओलावा बरोबर अर्ध्यावर होता, त्या सगळ्यांना अर्धा टक्का जास्त कपात. साडेपाच टक्के कपातवाला सहावर, साडेसहावाला सातवर. काल निदान एकाचं गेलं तर दुसऱ्याला मिळत होतं. आज सगळ्यांचं जिनिंगच्या बाजूला. आण्णांना काट्यावर घेरलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, “आते काय करानं, ताई?”

नानांचा मर्ज उलटवला. उरलेले दहा राउंड मी आणि बारक्याने वाटून घेतले, तो खालचे, मी वरचे. दुपारी एकला चाचण्या हिरव्या, एकतीसच्या एकतीस. दीडला आण्णांकडे. सकाळच्या नऊ पावत्या रद्द करून नव्या काढल्या. आण्णांनी प्रत्येकाला हातात नेऊन दिल्या. एक म्हातारबाबा म्हणे चष्मा शोधेपर्यंत थांबले आणि जुन्या-नव्या दोन्ही वाचूनच गाडीत बसले.

नाना दिवसभर आपल्या टेबलावरून उठले नाहीत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी मी यायच्या आत नाना माझ्या खुर्चीपाशी उभे. हातात चहा, तोही माझा.

“तुझ्या त्या गिटियात मी ॲडमिन आहे ना?”

“हो नाना.”

“काढ.”

मी म्हटलं, नाना, मशीन तुमचं, ऑफिस तुमचं. ते म्हणाले, “बटण दिसलं की मी दाबणार. रात्री नऊला समोरचा ओरडत असेल तर परत दाबणार. दिसलंच नाही तर त्याला सांगता येईल की नाही होत म्हणून. मला स्वतःहून ‘नाही’ म्हणता येत नाही गिऱ्हाइकाला, तीस वर्षांत नाही आलं.”

मला वाटत होतं ‘नाही’ म्हणायची अडचण माझी आहे.

रेपोवर नानांना फक्त लिहायचा हक्क ठेवला. ॲडमिन आता एक वेगळं खातं, कोणाच्याच नावाचं नाही. पासवर्ड लिफाफ्यात घालून त्याच कपाटात, पेन ड्राइव्हशेजारी. माझंही ॲडमिनपद काढलं. मलाही ते बटण दिसायला नको. पाच ओळी वगळणारी मीच होते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गल्लीत जेसीबी आला आणि फायबर तोडून गेला. ऑफिसचं नेट सकाळपासून नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काळजी नाही, गिटिया आपलं लॅनवर आहे. बारक्याने पुल रिक्वेस्ट काढली. चाचणी पहिल्याच पायरीला पडली.

चेकआउट ॲक्शन गिटियात नसतेच. दर वेळी रनर ती गिटहबवरून आणतो, मूळ सेटिंगच तसं आहे. नेट नाही, तर चाचणी नाही. चाचणी नाही, तर मर्ज नाही. आणि मर्ज करून द्यायला ॲडमिन कोणी नाही. आम्ही स्वतःला आत कोंडून बाहेरून कुलूप लावलं होतं. लिफाफा उघडायचा का, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. नानाच म्हणाले, “राहू दे. तातडीचं काही नाहीये.”

संध्याकाळी नेट आल्यावर कायमचा इलाज. गिटियात ‘ॲक्शन्स’ नावाची संस्था काढली, तिच्यात चेकआउटचा आरसा ठेवला (बाहेरच्या रेपोची प्रत ठेवून ती अधूनमधून आपोआप ताजी करायची सोय गिटियात आहे), आणि सेटिंगमध्ये ॲक्शन्सचा मूळ पत्ता ‘सेल्फ’ (म्हणजे आपलंच गिटिया) केला. मग राउटरची बाहेरची वायर काढून चाचणी चालवली. हिरवी. वायर परत लावायचं विसरले, ते बारक्याला घरी जाताना दिसलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

व्हॉट्सॲप ग्रुपवरचे बग बंद करायचे. आण्णांसाठी इश्यूचा फॉर्म बनवला. गिटियात फॉर्म फाइलमध्ये लिहून ठेवता येतो : कुठला रकाना, कुठली यादी, कुठलं भरणं सक्तीचं. मी छान प्रमाण मराठीत लिहिला होता. ‘समस्येचे वर्णन’, ‘अपेक्षित परिणाम’. आण्णांनी फोनवर पाहिला आणि विचारलं, हा बँकेचा आहे का.

मग त्यांनाच बसवून लिहिला. पहिला रकाना आता ‘काय व्हयनं?’ असा आहे. दुसरा, कुठल्या जिनिंगवर, यादीतून निवडायचं. तिसरा, पावतीचा नंबर. चौथा, फोटू. ‘अपेक्षित परिणाम’ काढून टाकला. आण्णा म्हणाले, काय व्हायला पाहिजे होतं ते शेतकरी सांगतोच, मी लिहितो.

त्यांच्या फोनवर वायरगार्ड टाकलं, म्हणजे बाहेरूनही आमचं गिटिया उघडतं. पहिला इश्यू त्यांनी बोदवडहून काढला, फोटो जोडला आणि तो नाकारला गेला. फाइल मोठी म्हणे. १.२२ ची मर्यादा केवढी तरी मोठी आहे. मग ॲप डॉट आयएनआय उघडली. तिच्यात एक ओळ : जोडलेली फाइल जास्तीत जास्त ४ एमबी.

कोणी घातली? मीच.

९ ऑक्टोबर, बुधवार

आण्णांचे आत्तापर्यंत अकरा इश्यू. सहा खरे, तीन प्रिंटरचे, एक चुकून दोनदा. अकरावा नुसता सूर्यास्ताचा फोटो, तापीच्या पुलावरून काढलेला. बंद केला नाही, पिन करून वर ठेवलाय.

ऑटो-मर्ज चालू केलं : मान्यता मिळाली आणि चाचणी हिरवी झाली की आपोआप मर्ज होतं, कोणी बसून वाट बघायला नको. हेही १.१८ मध्ये होतं. चाचण्याच नव्हत्या, तर कशाची वाट बघणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कोड गोठवला. उद्या दसरा. सीझनची आवृत्ती आज दुपारी चार जिनिंगवर गेली. यानंतर फक्त दुरुस्त्या.

बाकी राहिलेलं : काट्याचं नकली सिग्नल. काटा सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो, आणि आकडा स्थिर झाला की अजून हलतोय ते आकड्याआधीच्या दोन अक्षरांत सांगतो. गाडी अजून डुलत असताना वजन उचललं जाऊ नये, याची चाचणी अजून नाही. बारक्या खोटा काटा लिहितोय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सर्व्हरवर दसऱ्याची झेंडूची माळ अजून आहे. पंख्याच्या जाळीवरून मी ती वर सरकवली.

सकाळी नानांची पुल रिक्वेस्ट आली, पावतीवर ओलावा दोन दशांश दाखवायची. वर्णन लिहिलेलं, चाचणी जोडलेली, हिरवी. तपासायला बारक्या.

साडेअकराला मी सहज उघडली. बारक्याने ‘बदल हवेत’ असं टाकलंय. खाली त्याची टिप्पणी : “नाना, मीटर एकच दशांश देतो. दुसरा आकडा नेहमी शून्यच येईल. शेतकऱ्याला वाटेल आपण मोजलाय. एकच ठेवूया का?”

पाठवल्यापासून तो स्क्रीनमागे डोकं खाली घालून बसलाय. नाना चहाला गेलेत. अजून वाचलेलं नाही.